वाटी जागेवर आहे

चारा छावणी, नेकनूर रस्ता
१२ मार्च २०१९

राधाकिशनदादास,

थोरल्या भावाला पत्र लिहिताना वर साष्टांग नमस्कार लिहायचा, असं आईनं शिकवलं होतं. पण साष्टांग घालायला गुडघे टेकावे लागतात आणि माझे टेकत नाहीत. तेव्हा तेवढा नमस्कार राहिला, वाईट वाटून घेऊ नको.

बाबांच्या दहाव्याला मी रागानं निघून आले, त्यानंतर आपण बोललो नाही. आता तू शिवकन्याला विचारलंस म्हणे, की तुझी आई फोन का करत नाही. फोनवर तू बोलायचास आणि मी ऐकायची. माझी पाळी आली की तुझे पेशंट थांबलेले असायचे. कागदावर तुला 'बरं बरं, ठेवतो' म्हणता येत नाही, म्हणून हे पत्र.

आमची विहीर दसऱ्यालाच आटली. सोसायटीनं छावणी उघडल्यापासून दोन गाई, एक म्हैस, सासूबाई, मी आणि शिवकन्या असं सगळं बिऱ्हाड इथं उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोपीत आहे. शिवकन्याचे बाबा आणि दीर-जाऊ कोल्हापूरकडं ऊसतोडीला गेलेत, पाडव्याच्या आत येतील. ज्या घरानं तुझ्या बहिणीला ऊस पिकवणारं घर म्हणून मागितलं होतं, ते घर दर दुष्काळात दुसऱ्याचा ऊस तोडायला जातं. हे तुला ठाऊक आहे, तरी लिहिते.

चेअरमनसाहेबांच्या वाढदिवसाच्या शिबिराला मी आले होते. मांडवात बायकांच्या बाजूला, खांबाच्या आड बसले होते, त्यामुळं तुला दिसले नसेन. शाल, नारळ, फेटा, सगळं झालं. फेटा तुला शोभत नाही, बाबांना शोभायचा.

बोललास मात्र छान. पडद्यावर गुडघ्याचा एक्स-रेचा फोटो लावून म्हणालास, गुडघ्याच्या वाटीची लांबी मोजायची आणि वाटीच्या खालून नडगीच्या हाडाला जो दोर जातो त्याची लांबी मोजायची. दोन्ही जवळपास सारख्या असल्या तर वाटी जागेवर. दोर फार लांब असला तर वाटी वर चढून बसते, खोबणीत नीट धरत नाही, आणि पाय जरा वळला की बाहेरच्या अंगाला निसटते. मग म्हणालास, फोटो काढताना गुडघा थोडा वाकवलेला पाहिजे, म्हणजे दोर ताणलेला राहतो. पाय सरळ आणि सैल सोडून फोटो काढला तर दोर ढिला पडतो, आखूड दिसतो, आणि वर चढलेली वाटीसुद्धा जागेवर असल्यासारखी भासते.

माझ्या शेजारच्या बायांच्या डोक्यावरून गेलं. मला कळलं. छावणीत रोज बघते ना. गाय खुंट्याला चिकटून उभी असली की दावं आखूडच वाटतं. ती ओढ घेते तेव्हा कळतं दावं किती लांब आहे.

आणि मग तू ती गोष्ट सांगितलीस. 'पूर्वी अशाच एका तरुण बाईचा फोटो पाय सरळ ठेवून काढला गेला. तो बघून एका डॉक्टरनं सांगितलं, वाटी जागेवर आहे. त्या बाईचं पुढं काय झालं असेल, कल्पना करा.'

लोक हळहळले. चेअरमनसाहेबांनी मान हलवली. एका डॉक्टरनं! दादा, त्या डॉक्टरचं नाव तुला ठाऊक नव्हतं का?

तू विसरला असशील म्हणून पहिल्यापासून सांगते. मला बघायला पाहुणे आले तेव्हा आईनं साडीच्या आत गुडघ्याला फडकं आवळून बांधलं होतं. पाहुण्यांच्या बायका पोरीला चालायला लावतात, पाटावर बसवतात, उठवतात, ते काही उगीच नाही. 'डाव्या पायावर जोर दे अन् ऊठ,' आई कानात सांगत होती. मी उठले आणि लग्न ठरलं. लग्नानंतर वाटी सरकायची ती सरकतच राहिली. शेणाची पाटी उचलताना, उंबरा ओलांडताना. सासरे चिडले. खोट्या पायाची पोरगी गळ्यात बांधली, चार माणसं बसवू, हिच्या बापाला, माणिकरावांना विचारू, असं म्हणू लागले. बाबा तेव्हा कारखान्याच्या संचालकपदाला उभे होते. असा बोभाटा झाला असता तर पॅनलमधून नावच गेलं असतं. मग बाबांनीच तोड काढली. 'कारखान्याच्या दवाखान्यात आमचा राधाकिशन डॉक्टर आहे. फोटो काढू. तो मोजून जे सांगेल ते दोन्ही घरांनी मान्य करायचं.'

फोटो काढणारा हरिबा होता. तो मला म्हणाला, 'ताई, पाय जरा वाकवा.' मी लाजले. साडी दोन्ही गुडघ्यांत गच्च धरून तशीच सरळ पडून राहिले. पुढचं तुला आठवत असेलच.

मग तू तो फोटो खिडकीच्या उजेडाला धरलास, पट्टी लावलीस आणि माझ्या सासऱ्यांना म्हणालास, 'वाटी जागेवर आहे. पायात काही दोष नाही.'

पायात दोष नाही म्हटल्यावर तो माझ्यात असणार, दुसरीकडं कुठं जाईल? त्या दिवसापासून आमच्या वस्तीवर माझं नाव सोंगी पडलं. सोंगी चतुरा. शिवकन्यासुद्धा सोंगीची पोरगी म्हणून वाढली.

आता तिचं. ती शिबिराच्या रांगेत होती. तुझ्या हाताखालच्या डॉक्टरनं तिचा गुडघा बघितला, वाटी वर चढलेली आहे म्हणाला. खोखो खेळताना निसटली होती. तू तिच्या डोक्यावर हात ठेवून कुणाची गं तू, असं विचारलंस. तिनं माझं नाव सांगितलं तेव्हा तू हात पटकन काढून घेतलास, असं ती म्हणते. पोरगी चौदाची आहे, तिला काहीही वाटतं. सुटीत पुण्याला आण, मी स्वतः ऑपरेशन करतो, असा तुझा निरोप मिळाला.

आणीन. पण आधी तू इथं ये. सासरे राहिले नाहीत, सासूबाई आहेत. बायनाबाईंसमोर बसून सांग, की तो डॉक्टर मी होतो आणि मी चुकीचं सांगितलं. चतुरा सोंग करत नव्हती. मांडव नको, माईक नको, एवढं एक वाक्य हवं.

चतुरा गहिनीनाथ

---

छावणी
२९ मार्च २०१९

दादास,

तुझं उत्तर पोचलं. वर छापलेल्या पदव्या वाचता वाचता चहा निवला.

तू लिहितोस, त्या काळी आपल्याकडं हे कुणाला माहीत होतं? दादा, मांडवात तूच सांगितलंस की वाटीची उंची मोजायची ही रीत आपण जन्मलो त्याच्याही आधीची आहे. चेअरमनसाहेबांनी त्यावर टाळीसुद्धा वाजवली. आता घरात सांगतोस की तेव्हा ठाऊक नव्हतं. मांडवातलं खरं धरू की पत्रातलं?

तू लिहितोस, मी फोटो काढताना तिथं नव्हतोच, हरिबानं फोटो दुसऱ्या दिवशी टेबलावर आणून ठेवला. हरिबा वारला आहे. तेव्हा त्याला विचारता येत नाही. बरं.

आणि लिहितोस, इतकी वर्षं जुनं उगाळत बसण्यापेक्षा पोरीचं बघ. उगाळायला ते जुनं कुठं झालंय? मी अजून देवापुढं मांडी घालून बसू शकत नाही. पंगतीत मला भिंतीजवळ पाय पसरून बसावं लागतं आणि नव्या सुना विचारतात, या कावून अशा बसल्यात? मग कुणीतरी सांगतं आणि सगळ्या तोंडाला पदर लावतात.

तुझ्या 'पुढं काय झालं असेल, कल्पना करा'चं उत्तर देते. तुला कल्पनेचे कष्ट नकोत.

तू सांगितलंस त्याच साली आमची विहीर पहिल्यांदा आटली. तोडीला जायचं ठरलं. तोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या गड्याचा अर्धाच कोयता, मुकादम त्याच्याशी धड बोलत पण नाही. मी शिवकन्याच्या बाबांना म्हणाले, माझ्यानं मोळी घेऊन फळीवर चढवणार नाही. ते वाईट नाहीत. नुसतं एवढंच म्हणाले, 'डाक्टर तुजाच भाऊ हाय. त्यो म्हणतो पाय चांगलाय. मी लोकास्नी काय सांगू?' सासूबाई चुलीपासून ओरडल्या, 'नाचता यीना अन् अंगण वाकडं!'

गेले. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवर चढायचं असतं. फळी ओली असते, लवते. एका सकाळी फळीच्या मध्यावर माझा पाय वळला आणि वाटी निसटली. मी मोळीसकट पडले ती मागून येणाऱ्या रतनबाईवर, माझ्या जावेवर. तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. मला गुडघ्यात आग लागली होती, पण सगळे तिच्याभोवती गोळा झाले, आणि ते बरोबरच होतं. माझ्याकडं बघून कुणीतरी म्हणालं, घरी पाठवावं म्हणून सोंगीनं दुसरीचा जीव घेतला असता. रतनबाईनं ते ऐकलं. तिचा खांदा अजून वर जात नाही, वेणी घालायला तिला दुसरी बाई लागते. ती माझ्याशी त्या दिवसापासून बोललेली नाही. एका घरात राहतो, एका चुलीवर शिजवतो, आणि ती मीठ मागायचं झालं तरी पोरीच्या तोंडून मागते.

बाबा निवडून आले. तू एम.एस.ला गेलास. मी तोडीला गेले. ज्याचं त्याचं झालं.

मला तुझ्याकडून आता एवढंच कळायला हवं, की ती चूक होती का खोटं. चूक असेल तर माणसाच्या हातून चूक होते, मी सुद्धा रतनबाईवर पडलेच ना. पण चूक असली तर ती सांगायला माणूस एवढा घाबरत नाही. तू बाबांसाठी बोललास का? मी परत आले तर घराची मान खाली जाईल म्हणून बोललास का? आपलेच दात आपलेच ओठ म्हणून मी आजवर गप्प राहिले. आई वारली, बाबा वारले, आता कुणाचे ओठ सांभाळायचे?

ये आणि सांग. मग पोरगी पाठवते.

चतुरा गहिनीनाथ

---

छावणी
१७ एप्रिल २०१९

दादास,

काल शिवकन्याची वाटी पुन्हा सरकली.

मी टँकरपाशी घागरी घेऊन उभी होते. ती उसाच्या वाढ्यांचा भारा जनावरांकडं नेत होती. नको म्हणून सांगितलं होतं, पण म्हैस हंबरत होती आणि पोरीला राहवत नाही. ओरडणं ऐकून मी लंगडत पळाले. पोचले तोवर ती मातीत आडवी होती आणि सासूबाईंनी तिची टाच एका हातात धरली होती, दुसरा हात वाटीच्या बाहेरच्या अंगाला. हळूहळू पाय सरळ करत गेल्या आणि टक् करून वाटी जागेवर आली. एवढ्या बेतानं तर गाईला वासरू लावतात. पोरीचा चेहरा पांढरा पडला होता. सासूबाईंनी पदरानं तिचं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, 'मुरगळला जरासा. काय न्हाई.'

गुडघा सुजून भोपळा झालाय. तू मांडवात म्हणालास की वाटी जितक्यांदा निसटते तितक्यांदा आतलं हाड घासतं, आणि घासलेलं भरून येत नाही. माझं भरून आलं नाही, हे मला तुझ्या फोटोशिवाय कळतं. सकाळी उठले की गुडघ्यात जातं फिरल्यासारखा आवाज येतो.

तुझा फोन शिवकन्याच्या बाबांना आला होता. आता ते परत आलेत. तू त्यांना म्हणालास की चतुरा हट्टाला पेटलीय, पोरीचं नुकसान होईल, तुम्ही तिला समजवा. सोळा वर्षांपूर्वी सासऱ्यांशी बोललास, आता नवऱ्याशी बोलतोस. माझ्याशी कधी बोलणार?

हे त्यांनी मला सांगितलं आणि म्हणाले, 'जाऊ दे ना. त्याला कशाला बोलावती? मोठा माणूस हाय. आपुन जाऊ.' त्यांना मोठ्या माणसांचं फार. मी म्हटलं, मोठा माणूस चार पायऱ्या उतरून कोपीत आला तर त्याचे गुडघे झिजत नाहीत.

माझी अट आहे ती आहे. तुला पोरीची एवढी काळजी असेल तर पुण्याहून इथं यायला एक दिवस लागतो.

चतुरा

---

छावणी
४ मे २०१९

दादा,

अट मागं घेते.

का घेते ते सांगते, नाहीतर तुला वाटेल तुझ्या फोनानं झालं. काल शिवकन्या लंगडत बादली आणत होती, मी ओरडले की ठेव ती, तुझ्या मामानं पाय बघितल्याशिवाय उचलू नको. तिनं बादली खाली ठेवली. म्हणाली, 'मग कवा बघणार हाय मामा? तुज्या भांडणात मे महिना चालला. जूनला शाळा हाय. आई, तुला माजा पाय पायजे का मामाची माफी पायजे?'

मी तिच्या थोबाडीत मारली. मग तिथंच, चिखलात, पाय पसरून बसले.

ती रडली नाही. माझ्याकडं बघत उभी राहिली. उजव्या पायावर भार न देता उभं राहायची तिची रीत अगदी माझ्यासारखी आहे, ती मला कालच दिसली. पोरीचं म्हणणं खरं होतं. बाबांनी घराच्या नावासाठी माझा पाय घेतला, आणि मी माझ्या नावासाठी तिचा घ्यायला निघाले होते. शेवटी मी माणिकरावांचीच लेक.

तर तू यायची गरज नाही. तारीख कळव, आम्ही एस.टी.नं येऊ. बायनाबाईंना काही सांगू नको, कुणालाच काही सांगू नको. मला सोंगी म्हणून जगायची सवय झालीय, आणखी थोडी वर्षं काढीन.

मी तुला माफ केलंय, असं मात्र या पत्रातून वाचू नको. तसं कुठंही लिहिलेलं नाही.

चतुरा

---

छावणी
२६ मे २०१९

दादा,

तू येशील असं वाटलं नव्हतं. गाडी छावणीच्या फाटकातून आत आली तेव्हा मला वाटलं तपासणीवाले साहेब असतील, मी जनावरांचे बिल्ले नीट करायला धावले. तू उतरलास. केस पांढरे झालेत तुझे. मांडवात फेट्याखाली दिसले नव्हते.

बोलावलं तेव्हा आला नाहीस, नको म्हटलं तेव्हा आलास. लहानपणीही असाच होतास.

तू बाजेवर बसलास, सासूबाई खाली बसल्या. मी दारात उभी होते. तू हात जोडून म्हणालास, 'मावशी, चतुराच्या पायाचं मी तेव्हा चुकीचं सांगितलं. तिची वाटी जागेवर नव्हती. फोटो नीट निघालेला नाही, अशी मला नंतर शंका आली होती. मी पुन्हा काढायला पाहिजे होता. बाबांकडं बघून मी गप्प राहिलो.' रतनबाई चुलीपाशी होती, तिची तव्यावरची भाकरी करपली. सासूबाईंनी बटव्यातून तंबाखू काढली. तुला वाटलं असेल, म्हातारीला ऐकू गेलं नाही. तू चहा अर्धा टाकून निघालास, जाताना डोळे पुसत होतास, मी बघितलं.

तू गेल्यावर काय झालं ते तुला ठाऊक नाही. ते सांगायला हे पत्र.

धुरळा खाली बसल्यावर मी सासूबाईंना म्हणाले, 'ऐकलं का आत्या? सोळा वर्षं सोंगी म्हणत होता मला.' मला वाटलं रडतील, नाहीतर ओशाळतील. एवढ्या वर्षांत मी या क्षणाचं किती वेळा काय काय ठरवून ठेवलं होतं. त्या क्षमा मागतील आणि मी आधी काहीच बोलणार नाही, थोडा वेळ तशाच बसू देईन, असंसुद्धा.

त्या तंबाखू मळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, 'मला काय नवं सांगितलं त्यानं? वाटी सरकती ते मला कवाच ठावं व्हतं. तुज्या पहिल्या दिवाळीला कणगीपाशी पडली, तवा पाय कुणी सरळ केलता? म्याच ना? माज्या मायची बी सरकायची. मुरगळलेला पाय अन् सरकलेली वाटी मला कळत न्हाई व्हय?'

मी म्हणाले, 'मग सांगितलं का नाही कधी?'

'कावून सांगू? तुजा भाऊ, घरचा डाक्टर, त्यो न्हाई म्हणला. मग आमी हाय म्हणून आमचंच नुकसान कावून करून घ्यावं? हाय म्हणलं असतं तर तुला तोडीला कशी न्हेली असती? माजा गहिनीनाथ अर्धा कोयता घिऊन कुठं गेला असता? तेरावा महिना व्हता त्यो दुष्काळात.' तंबाखू तोंडात टाकून त्यांनी हात झटकले. 'आन् सोंगी म्हणलं न्हाई तर बाई उठती व्हय कामाला?'

बघ दादा. मला वाटायचं तू मला त्यांच्यापुढं खोटं पाडलंस. त्यांना तर खरं ठाऊकच होतं. बाबांना ठाऊक होतं, आईनं स्वतःच्या हातानं फडकं बांधलं होतं, म्हातारीनं स्वतःच्या हातानं वाटी बसवली होती. दोन्ही घरांना सगळं ठाऊक होतं, आणि दोन्ही घरांना नाही म्हणणारा एक माणूस पाहिजे होता, शिकलेला, पट्टी लावून मोजणारा. तो तू मिळालास. तुझ्या त्या एका वाक्यापायी मी सोळा वर्षं जळले, आणि ते कुणी खरं मानलंच नव्हतं. फक्त वापरलं. मी कुणावर रागवायचं ते सांग. म्हातारी तर संध्याकाळी माझ्या गुडघ्याला एरंडाची पानं गरम करून बांधायला आली. मी बांधू दिली नाहीत.

रतनबाई तेवढी कण्यांची परात घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. कण्या निवडता निवडता म्हणाली, 'मीठ हाय का गं?' मीठ तिच्या हाताशीच होतं. मी उचलून दिलं.

म्हातारीचं ऐकून रात्रभर मनात आलं की पोरीला कुठल्याच डॉक्टरकडं नेऊ नये, तुझ्याकडं तर नाहीच. पण सकाळी तिनं शाळेचे बूट पुसून ठेवलेले दिसले. बुधवारी पहिल्या गाडीनं निघतो. गाडी आपल्या माहेरावरून, आष्टीवरून जाईल, मी खिडकीला बसणार नाही.

एक गोष्ट राहिली. तू म्हणालास, फोटो नीट निघालेला नाही अशी तुला नंतर शंका आली. पत्रात लिहिलं होतंस की तू तिथं नव्हतासच. दोन्ही वेळा मी काही बोलले नाही. तू आपणहून सांगतोस का, ते बघत होते. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, हरिबा म्हणाला पाय वाकवा, मी लाजले, आणि पुढचं तुला आठवत असेलच. तुला आठवलं नाही, किंवा आठवलं आणि तू पाव हिश्श्यानं खरं बोललास. तेवढंही आजवर कुणी बोललं नव्हतं, म्हणून पोरगी आणतेय.

तिचा फोटो काढताना तीही लाजेल, झगा गुडघ्यात धरेल, पाय सरळ ठेवून पडेल. तेव्हा मी तिथं असणार आहे, तिचा गुडघा मी वाकवून धरीन. तू पडद्याच्या पलीकडं असशील, त्या दिवशी होतास तसाच. त्या दिवशी हरिबा दुसऱ्यांदा म्हणाला, साहेब, ताई पाय वाकवत नाहीत, आणि पलीकडून तुझा आवाज आला होता, 'राहू दे, तसाच काढ.'

या वेळी तसं म्हणू नको.

चतुरा